पिशवीच्या तोंडावरचा पांढरा चट्टा : घाबरू नका, पण विसरूही नका

गेल्या वर्षीची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेहमीपेक्षा गर्दी कमी होती. जवळच्या खेड्यातले एक जोडपे आले. बाईंचे वय छत्तीस, दोन मुले, शेतात राबणारे अंग. नवऱ्याने खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तपासणी शिबिरातला तो कागद होता. त्यावर लिहिले होते, "गर्भाशयमुखावर पांढरा चट्टा. पुढील तपासणीसाठी पाठवावे."

एवढ्याशा वाक्याने त्या घरात आठ दिवस चूल नीट पेटली नव्हती. सासूबाईंनी 'पांढरा' हा शब्द ऐकून कोडाचा धसका घेतला होता. शेजारणीने थेट कॅन्सरच सांगितला होता. आणि तालुक्याच्या एका दवाखान्यात, आत काही न तपासताच, "कशाला जोखीम घेता? मुले झाली आहेत ना? पिशवी काढून टाका," असा सल्ला मिळाला होता. नवरा पैशांची जुळवाजुळव करीत होता. गाय विकायची बोलणीही झाली होती.

"डॉक्टर, एवढंच सांगा," तो म्हणाला, "पिशवी काढायची का नाही?"

मी म्हटले, "दादा, अजून आपल्याला रोग आहे की नाही हेच माहीत नाही. मग काढायची कशाला? आधी बसा."

त्या दोघांना मी जे समजावून सांगितले तेच आज या सदरातून सगळ्या वाचकांना सांगावे असे वाटते. कारण हा कागद हल्ली पुष्कळ घरांत येतो. तो आला की लोक एक तर तो देवघरात ठेवून विसरून जातात, नाही तर सरळ ऑपरेशनच्या टेबलावर जातात. या दोन टोकांच्या मध्ये चार-पाच साध्या पायऱ्या आहेत, त्या मात्र कोणी सांगत नाही.

हा अवयव कोणता?

गर्भाशय म्हणजे ज्याला आपण 'पिशवी' म्हणतो, त्याचा आकार उलट्या ठेवलेल्या पेरूसारखा असतो. खालचा निमुळता भाग योनिमार्गात थोडासा डोकावतो. हेच गर्भाशयाचे मुख किंवा पिशवीचे तोंड. डॉक्टर त्याला सर्व्हिक्स म्हणतात. मासिक पाळीचे रक्त येथूनच बाहेर येते आणि बाळंतपणात हेच तोंड उघडते.

या मुखाच्या बाहेरच्या भागावर गुलाबी, गुळगुळीत आणि अनेक थरांचे अस्तर असते. आतल्या नळीचे अस्तर एकाच थराचे, म्हणून लालसर दिसते. ही दोन अस्तरे जेथे मिळतात ती सीमारेषा फार महत्त्वाची. वयात येताना, गरोदरपणात ही सीमा सरकत असते आणि तेथे जुन्या पेशींच्या जागी सतत नव्या पेशी तयार होत असतात. जेथे बांधकाम चालू असते तेथेच चोर शिरतो. या अवयवाचे बहुतेक बिघाड याच सीमेवर सुरू होतात.

तीन 'पांढऱ्या' गोष्टींची गल्लत

पहिली गोष्ट म्हणजे अंगावरून पांढरे जाणे. हा स्राव आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडा पारदर्शक स्राव जाणे नैसर्गिक आहे. दह्याच्या कवड्यांसारखा स्राव आणि खाज असेल तर ते बुरशीचे लक्षण. पिवळट, हिरवट, वास येणारा स्राव असेल तर जंतुसंसर्ग. पांढरे जाते म्हणजे चट्टा आहे असे नाही. आणि चट्टा असलेल्या बाईला बहुधा पांढरे जाण्याचा किंवा दुसरा कसलाही त्रास नसतो. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे कोड. हा कातडीचा रंग जाण्याचा प्रकार. त्याचा पिशवीच्या तोंडावरील चट्ट्याशी काहीही संबंध नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आपला आजचा विषय, गर्भाशयमुखावरचा पांढरा चट्टा. याचेही दोन प्रकार आहेत. काही चट्टे नुसत्या डोळ्यांनीच पांढरे दिसतात. स्राव पुसून काढता येतो, हा चट्टा पुसला जात नाही. त्याला ल्यूकोप्लेकिया असे भारदस्त नाव आहे. हाताला घट्टे पडतात तसा तेथील अस्तराचा वरचा थर जाड झालेला असतो. अंग बाहेर येणाऱ्या बायकांमध्ये कपड्याच्या सततच्या घासण्यानेही असा थर येतो. विषाणूंमुळेही येतो. पण त्या जाड थराखाली काय दडले आहे हे वरून कळत नाही. म्हणून अशा चट्ट्याचा तुकडा तपासून घ्यावाच लागतो.

दुसरा प्रकार जास्त आढळतो. तो आधी दिसत नाही, औषध लावल्यावर दिसतो.

औषध लावल्यावर चट्टा का उमटतो?

हे औषध म्हणजे ३ ते ५ टक्क्यांचे ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधारण स्वयंपाकातल्या व्हिनेगरच्याच ताकदीचे. या तपासणीला व्ही.आय.ए. म्हणतात. बाईला टेबलावर झोपवून बदकाच्या चोचीसारख्या स्पेक्युलम या साधनाने मुख दिसेल असे करतात. कापसाच्या बोळ्याने औषध लावतात, एक मिनिट थांबतात आणि चांगल्या उजेडात पाहतात. भूल नाही, टाका नाही, कापाकापी नाही. थोडेसे चुरचुरते इतकेच.

दुधात लिंबू पिळले की दूध नासते, कारण त्यातली प्रथिने गोठतात. येथेही तसेच काहीसे घडते. बिघडू लागलेल्या पेशींचे केंद्रक मोठे असते आणि त्यांत प्रथिने जास्त असतात. ॲसिडने ती तात्पुरती गोठतात आणि तो भाग पांढरा दिसतो. निरोगी अस्तर गुलाबीच राहते. काही मिनिटांनी पांढरेपणा आपोआप ओसरतो.

पण येथे एक मोठी मेख आहे. नव्याने तयार होणाऱ्या निरोगी पेशी, साधी सूज, भरून येणारी जखम हेही फिकट पांढरे दिसू शकते. म्हणजे पांढरे दिसले की कर्करोगपूर्व बदलच असला पाहिजे असे मुळीच नाही. पुष्कळ बायकांच्या बाबतीत पुढच्या तपासणीत काहीच निघत नाही. ही तपासणी राखणदाराच्या कुत्र्यासारखी आहे. ते भुंकते, पण बाहेर चोर आहे की पाहुणा हे कंदील घेऊन आपणच पाहायचे असते.

कोणी घरी व्हिनेगर वापरून काही प्रयोग करू नये, हे मुद्दाम सांगतो. त्याने इजा होईल, निदान होणार नाही.

मुळाशी कोण?

कर्करोगाकडे नेणाऱ्या बदलांच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एक विषाणू असतो, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एच.पी.व्ही. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउसेन यांनी हा संबंध दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांतले १६ आणि १८ क्रमांकाचे दोनच प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना जबाबदार आहेत.

तो शरीरसंबंधातून पसरतो हे खरे. पण म्हणून कोणी बायकोच्या चारित्र्याकडे बोट दाखवू नये. हा विषाणू इतका सर्रास आढळतो की, संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होऊन जातो आणि पत्ताही लागत नाही. नवऱ्याकडूनही येऊ शकतो. वर्षानुवर्षे गुपचूप राहूनही नंतर प्रकट होऊ शकतो. दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो त्यांच्यातच पुढे बिघाड होतो. धूम्रपान आणि एच.आय.व्ही.ची लागण यांमुळे हा धोका वाढतो.

बिघाडाच्या पायऱ्या

या बिघाडाला सी.आय.एन. म्हणतात आणि त्याच्या १, २, ३ अशा पायऱ्या आहेत. एक नंबर म्हणजे अस्तराच्या खालच्या एक-तृतीयांश भागातच बदल. दोन म्हणजे दोन-तृतीयांशापर्यंत. तीन म्हणजे जवळजवळ पूर्ण जाडीत. यांपैकी एकही कर्करोग नाही. बदललेल्या पेशी अस्तर फोडून खाली उतरल्या तरच त्याला कर्करोग म्हणतात.

एक नंबरचा बदल बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. तीन नंबरचा मात्र गंभीर मानायचा. न्यूझीलंडमध्ये ज्या स्त्रियांच्या तीन नंबरच्या बदलावर पुरेसे उपचार झाले नाहीत, त्यांच्या नोंदी २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तीस वर्षांत त्यांतल्या सुमारे ३१ टक्के स्त्रियांना कर्करोग झाला. या आकड्यातून दोन अर्थ घ्यावेत. गंभीर बदलाकडे दुर्लक्ष केले तर तिघींपैकी एकीचा घात होतो. आणि या रोगाला सहसा वर्षे लागतात, दिवस नव्हे. म्हणून आज कागद मिळाला आणि उद्या ऑपरेशन, अशी घाई करण्याचे कारण नाही. मात्र दोन-चार आठवड्यांत पुढची पायरी चढलीच पाहिजे.

पुढची पायरी कोणती?

पहिली पायरी कॉल्पोस्कोपी. ही एक दुर्बीण. ती शरीराच्या बाहेरच उभी असते, आत काही घालत नाहीत. १९२५ मध्ये जर्मनीत हिन्सेलमान यांनी ती प्रथम वापरली. ते शोधत होते तेही असले पांढरे चट्टेच. स्त्रीरोगतज्ज्ञ हीच व्हिनेगरची तपासणी या दुर्बिणीतून मोठे करून पाहतात. चट्टा किती मोठा, त्याच्या कडा कशा, आतल्या नळीत शिरला आहे का, हे सारे त्यात कळते.

दुसरी पायरी बायोप्सी. सर्वांत संशयास्पद जागेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्याने घेतात. चिमटा काढल्यासारखे दुखते. दोन-चार दिवस थोडे रक्त जाते. तुकडा काढल्याने रोग 'चवताळतो' ही निव्वळ भीती आहे. तुकड्याच्या अहवालाशिवाय कोणी मोठ्या ऑपरेशनची तारीख दिली तर नम्रपणे विचारावे, "डॉक्टर, अहवाल कुठे आहे?" हा प्रश्न विचारण्याचा तुमचा हक्क आहे.

उपचार : मुंगीला तोफ नको

अहवाल साधा आला तर चट्ट्यासाठी काही करायचे नसते. सूज असेल तर तिचे औषध घ्यायचे आणि सांगितलेल्या वेळी पुन्हा तपासून घ्यायचे. एक नंबर आला तर बहुधा वाट पाहतात आणि सुमारे वर्षभराने पुन्हा तपासतात. दोन किंवा तीन नंबर आला तर साधारणपणे उपचार करतात. तेही बहुतेक वेळा एका बैठकीत होतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

चट्टा छोटा असेल, पूर्ण दिसत असेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर तो जागच्या जागी नष्ट करतात. क्रायोथेरपीत थंड गॅसच्या साहाय्याने तो भाग गोठवतात. तीन मिनिटे गोठवणे, पाच मिनिटे विश्रांती, पुन्हा तीन मिनिटे गोठवणे, असा हा उपचार. दुसरा प्रकार थर्मल ॲब्लेशनचा. त्यात सुमारे १०० अंश सेल्सिअस तापवलेले टोक अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर टेकवतात. चट्टा मोठा असेल किंवा नळीत शिरला असेल तर 'लीप' करतात. स्थानिक भूल देऊन, विजेच्या तारेच्या बारीक फाशाने बिघडलेला भाग सोलून काढतात. याचा फायदा असा की, काढलेला भाग तपासायला पाठवता येतो.

उपचारानंतर महिनाभर पाण्यासारखा स्राव जातो, त्याला घाबरू नये. साधारण चार आठवडे शरीरसंबंध टाळावा. ताप आला, जोराचा रक्तस्राव झाला किंवा घाण वास येऊ लागला तर लगेच डॉक्टरांना गाठावे. पाळी येते, पुढे मूलही होऊ शकते. 'लीप' झालेल्या बाईने पुढच्या गरोदरपणात मात्र डॉक्टरांना ते जरूर सांगावे, कारण बाळंतपण अगोदर होण्याची शक्यता थोडी वाढते. आणि उपचार झाला म्हणजे सुटलो असे नाही. वर्षभराने तपासणी हवीच.

पिशवी काढण्याची घाई

आपल्या भागात पिशवी काढणे ही फार सोपी गोष्ट झाली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर राज्य शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची पिशवी काढलेली आढळली. त्यांत पुष्कळ जणी ऐन तारुण्यातल्या होत्या. प्रत्येक शस्त्रक्रिया चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पण पांढरे जाते, पोट दुखते, 'पुढे कॅन्सर होईल' एवढ्या आधारावर अवयव काढून टाकणे हे शास्त्र नव्हे.

यात तीन धोके आहेत. पहिला, पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचे सारे परिणाम भोगावे लागतात. अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होतात. दुसरा, चट्ट्याखाली खरोखरच कर्करोग असेल आणि तो न ओळखता साधी पिशवी काढली, तर ते ऑपरेशन अपुरे पडते आणि पुढचे उपचार अवघड होतात. तिसरा, अशा बदलांसाठी पिशवी काढली तरी योनिमार्गाच्या वरच्या टोकाला पुन्हा बदल होऊ शकतात. म्हणजे तपासणी चुकत नाही ती नाहीच.

पिशवीच्या तोंडाची 'जखम' हाही असाच एक भीतीचा शब्द. आतल्या नळीचे लालसर अस्तर बाहेर डोकावले की तो भाग जखमेसारखा दिसतो. तरुण वयात आणि गरोदरपणात हे अगदी नैसर्गिक असते. तपासणीत बाकी सर्व ठीक असेल आणि त्रास नसेल तर त्याला उपचारही लागत नाहीत.

माझी चूक

इतरांच्या घाईबद्दल लिहितो तेव्हा स्वतःच्या आळसाबद्दलही लिहिले पाहिजे. मी नुकताच दवाखाना थाटला होता तेव्हाची, १९९९ च्या सुमाराची गोष्ट. बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी माझ्याकडे येत. वय पंचेचाळीस-पन्नास. तक्रार एकच, अंगावरून पांढरे जाते. मी गोळ्या द्यायचो, टॉनिक द्यायचो. आत तपासायला हवे हे मला कळत नव्हते असे नाही. पण दवाखान्यात नर्स नव्हती. मावशींना संकोच होता आणि खरे सांगायचे तर मलाही होता. वर्षभरात त्या तीनदा आल्या. त्यानंतर आल्या त्या रक्त जाते म्हणून. मोठ्या रुग्णालयात पाठवले. रोग तिसऱ्या टप्प्यात होता. शेक दिले, पण दोन वर्षांत मावशी गेल्या.

त्यांचा जुना केसपेपर मी नंतर काढून पाहिला. त्यावर माझ्या अक्षरात तीनदा तेच औषध लिहिलेले होते. 'तपासणी' हा शब्द एकदाही नव्हता. त्या वर्षी तपासले असते तर त्या नक्की वाचल्या असत्या असे मी म्हणू शकत नाही. पण रोग आधी कळण्याची संधी माझ्या संकोचाने घालवली, हे मला नाकारता येत नाही. पुढच्याच महिन्यात मी दवाखान्यात एक सिस्टर नेमल्या, पडदा लावला, टेबल घेतले. आज माझ्याकडे अशा तक्रारीची बाई आली की तपासल्याशिवाय किंवा तपासायला पाठवल्याशिवाय मी औषधाची दुसरी चिठ्ठी लिहीत नाही. तुमचे डॉक्टर लिहीत असतील तर त्यांना थांबवा.

आपल्याच मातीतला पुरावा

ही तपासणी परदेशी चोचला आहे असे कोणाला वाटेल. पण तिचा जगाने मानलेला पुरावा महाराष्ट्रातल्या बायकांनीच दिला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने १९९९ पासून मोठी पाहणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांचे गट केले गेले. कोणाची एच.पी.व्ही. चाचणी, कोणाची पॅप तपासणी, कोणाची व्हिनेगरची तपासणी झाली आणि एका गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच एच.पी.व्ही. चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने झालेले मृत्यू नेहमीच्या सेवेच्या गटापेक्षा जवळजवळ निम्मे होते. एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मात्र मृत्यूंत तसा ठळक फरक पडला नाही.

मग ती तपासणी निरुपयोगी आहे का? नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून अभ्यास केला. तेथे प्रशिक्षण दिलेल्या, साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. धडा सरळ आहे. व्हिनेगरची तपासणी एकदा करून भागत नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते. परवडत असेल, मिळत असेल तर एच.पी.व्ही. चाचणी अधिक भरवशाची.

हे सांगण्याची निकड अशी की, २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण निघाले आणि जवळपास ८० हजार स्त्रिया दगावल्या. जो रोग होण्याआधी वर्षानुवर्षे खुणा देतो, त्या रोगाने एवढ्या बायका जाव्यात हे दुर्दैवच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*तपासणी कोणी आणि केव्हा करावी?* तिशी ओलांडलेल्या प्रत्येक विवाहित किंवा शरीरसंबंध आलेल्या स्त्रीने, काही त्रास नसला तरी. केंद्र शासनाने २०१६ मध्ये ठरवलेल्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्ही.आय.ए. तपासणी आहे. एच.आय.व्ही.ची लागण असलेल्यांनी पंचविशीपासूनच आणि अधिक वेळा करावी. पाळी चालू असताना जाऊ नये.

*पाळी गेल्यावर गरज काय?* गरज आहेच. मात्र त्या वयात ती सीमारेषा आत सरकते आणि व्हिनेगरची तपासणी भरवशाची राहत नाही. एच.पी.व्ही. किंवा पॅप तपासणी करावी.

*कोणत्या लक्षणांना थांबू नये?* संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, रक्तमिश्रित घाण वासाचा स्राव. अशा वेळी शिबिराची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

*गोळ्या, काढे, आतून ठेवायच्या पुड्या यांनी चट्टा जातो का?* सूज किंवा जंतुसंसर्ग जाईल अशी औषधे आहेत. पण दोन-तीन नंबरचा बदल घालवणारी गोळी नाही. आत चुना, तुरटी, राख असले काही ठेवू नये.

*लस आहे का?* आहे, पुण्यात तयार झालेली स्वदेशी लसही २०२३ पासून उपलब्ध आहे. नऊ ते चौदा या वयात, विषाणूशी गाठ पडण्याआधी दिली तर सर्वांत उपयोगी. ती असलेला चट्टा बरा करीत नाही. आणि लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सोडायची नाही.

शेवटी त्या बाईंचे काय झाले?

मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. कॉल्पोस्कोपी झाली, तुकडा तपासला. अहवाल आला : सी.आय.एन.-२. कर्करोग नाही. चट्ट्याचा थोडा भाग नळीत शिरला होता म्हणून 'लीप' केले. सकाळी गेल्या, संध्याकाळच्या एस.टी.ने परत आल्या. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या. यंदा वर्षभराने केलेली एच.पी.व्ही. चाचणीही निर्दोष आली. पिशवी जागेवर आहे आणि गायही दावणीला आहे.

तो अहवाल दाखवायला दोघे आले तेव्हा सासूबाईही बरोबर होत्या. सून बाहेर गेल्यावर त्या खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, माझं कधी कुणी बघितलंच नाही. माझंबी बघायला पाहिजे का?" वय अठ्ठावन्न. पाच बाळंतपणे. तपासणी शून्य.

मी म्हटले, "मावशी, हेच आधी विचारायला हवं होतं." त्यांची चाचणी झाली. अहवाल चांगला आला.

वाचकहो, हे सदर घरातले पुरुष आधी वाचतात हे मला ठाऊक आहे. वाचून झाल्यावर पेपर बाजूला ठेवू नका, आत स्वयंपाकघरात नेऊन द्या. आणि असा एखादा कागद चार घड्या घालून घरात कुठे ठेवला असेल, तर तो आज शोधून काढा.